मिड-लॉटरी पिकवर कोणाला घ्यायचं? ड्राफ्ट प्रॉस्पेक्ट ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघणाऱ्या आपल्या मराठी लोकांकडून मे-जून आला की हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. ड्राफ्ट म्हणजे टीमनी दरवर्षी पाळीपाळीने नवीन खेळाडू निवडणं, प्रत्येक पाळी म्हणजे एक पिक, आणि निवडीसाठी आलेला नवीन खेळाडू म्हणजे प्रॉस्पेक्ट. बहुतेक उदाहरणं सॅक्रामेंटो किंग्जची आहेत, कारण ही टीम मी मनापासून फॉलो करतो आणि या विषयात त्यांच्याइतकं शिकवणारी दुसरी टीम नाही.

मिड-लॉटरी म्हणजे नक्की कितवा पिक?

प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) न पोचलेल्या १४ टीम लॉटरीत असतात. पहिले चार पिक सोडतीने ठरतात, बाकीचे रेकॉर्डच्या उलट्या क्रमाने, म्हणजे खराब टीम आधी. मधले म्हणजे साधारण सहावा-सातवा ते बारावा-तेरावा पिक. २०१९ ला जे टक्के बदलले त्यात सगळ्यात खराब तीन टीमना पहिल्या पिकसाठी प्रत्येकी १४ टक्के मिळाले आणि आठव्या नंबरच्या टीमला ६ टक्के, म्हणजे मधल्या टीमलाही वर उडी मारायचा चान्स असतो. २०२५ ला डॅलसकडे फक्त १.८ टक्के होते आणि पहिला पिक, कूपर फ्लॅग, त्यांना मिळाला. पण त्या आशेवर प्लॅन करता येत नाही, तुमचा पिक नववा आहे असं धरूनच तयारी करायला लागते.

किंग्जचीच उदाहरणं का?

२००६-०७ ते २०२१-२२ असे सलग १६ सीझन ते प्लेऑफच्या बाहेर होते, एनबीएच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा दुष्काळ. म्हणजे जवळपास दरवर्षी लॉटरी, आणि बऱ्याचदा मधलाच पिक. शिवाय मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळून गेले तेव्हापासून आपल्याकडे या टीमचे बरेच फॅन झालेत. पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ अशी पेसर्सनी काढली होती. त्या पेसर्स टीममध्ये मायल्स टर्नर आणि डोमांटास सबोनिस होते, दोघेही आपापल्या ड्राफ्टचे अकरावे पिक. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मधल्या पिकमधून खरंच मोठा खेळाडू मिळतो का, का नुसती आशा?

२०२५ ची फायनल घ्या. ओक्लाहोमा सिटीचा शे गिल्जस-अलेक्झांडर अकरावा पिक, त्याच वर्षीचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) आणि फायनल्स एमव्हीपी. त्याच्या जोडीला जेलन विल्यम्स, बारावा पिक, पाचव्या मॅचमध्ये ४० पॉइंट. समोर इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन, तोही बारावा, आणि तिथेच टर्नर, अकरावा. लीगची सगळ्यात मोठी सीरिज आणि दोन्ही बाजूंचे महत्त्वाचे लोक दहाव्या पिकनंतर आलेले.

आधीचंही बघा, स्टेफ करी २००९ चा सातवा, लिलार्ड २०१२ चा सहावा, पॉल जॉर्ज २०१० चा दहावा, क्ले थॉम्प्सन २०११ चा अकरावा, डेव्हिन बुकर २०१५ चा तेरावा, डोनोव्हन मिचेल २०१७ चा तेरावा. पण ही यादी बघून हुरळून जाऊ नका, कारण यातल्या प्रत्येकाच्या आगेमागे दोन-तीन नावं अशी आहेत जी चार वर्षांत लीगमधून गायब झाली. या पट्ट्यात दरवर्षी एखादा स्टार असतो, तो ओळखायचं काम तेवढं अवघड आहे.

प्रॉस्पेक्ट बघताना सगळ्यात आधी काय बघायचं?

माझं ठाम मत, निर्णय. बॉल हातात आल्यावर पुढच्या अर्ध्या सेकंदात तो काय करतो ते बघायचं, आणि त्याच्या जोडीला डिफेन्सवर तो मैदानात टिकेल का ते. बाकी सगळं त्यानंतर.

हे का म्हणतोय ते किंग्जच्या तीन पिकवरून कळेल. २०११ ला त्यांनी सातवा पिक सोडून दहावर येऊन जिमर फ्रेडेट घेतला, तो त्या वर्षी कॉलेजमध्ये देशात सगळ्यात जास्त पॉइंट करणारा, मॅचला २८.९. २०१३ ला सातवा पिक बेन मॅक्लेमोर, कॅन्सस कॉलेजमध्ये ४२ टक्के थ्री (लांबून टाकायचे तीन पॉइंटचे शॉट) टाकलेला आणि उडी तर बघत राहावी अशी. २०१४ ला आठवा पिक निक स्टॉस्कस, मिशिगनचा, बिग टेन कॉन्फरन्सचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, तोही शूटर. चार ड्राफ्टमध्ये तीन शूटर आणि तिघांपैकी एकही टिकला नाही. शूटिंग खोटं नव्हतं हो, तिघांचंही खरंच चांगलं होतं. पण जिमर आणि स्टॉस्कसला समोरची टीम शोधून शोधून ॲटॅक करायची, आणि मॅक्लेमोरच्या खेळात स्वतः ड्रिबल करून दुसऱ्यासाठी शॉट तयार करणं फारसं नव्हतंच. एनबीएमध्ये शूटरला शॉट मिळण्याआधी मिनिटं मिळावी लागतात, आणि मिनिटं मिळतात ती बाकीच्या गोष्टींवर. जिमरच्या लगेच पुढचा पिक होता क्ले थॉम्प्सन. तोही शूटरच, पण सहा फूट सहा इंच, आणि समोरच्या टीमच्या सगळ्यात चांगल्या गार्डला अंगावर घेऊ शकणारा.

आता याच्या उलट हॅलिबर्टन. २०२० चा ड्राफ्ट, नवीन जनरल मॅनेजर माँटी मॅकनेअरचा पहिलाच, कोविडमुळे नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन झालेला. हॅलिबर्टन बारावर का घसरला? शॉटची ॲक्शन विचित्र, अंग बारीक, स्वतः डिफेंडरला हरवून रिमपर्यंत जात नाही, अशी कारणं सांगितली जायची आणि ती सगळी दिसायचीही. पण आयोवा स्टेटमध्ये त्याचे आकडे काय होते, मॅचला १५.२ पॉइंट, ६.५ असिस्ट (ज्यावर बास्केट होते असे पास), २.५ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले बॉल), थ्री जवळपास ४२ टक्के, आणि हे सगळं फार टर्नओव्हर न करता, म्हणजे बॉल न गमावता. म्हणजे पास कुठे जाणार ते तो दोन्ही बाजूंनी आधीच ओळखत होता, बॉल आपला असो की समोरच्याचा. असा पोरगा पहिल्या दिवसापासून खेळू शकतो, आणि खेळत राहिला की बाकीचं वाढतं. किंग्जनी इतक्या वर्षांत मधल्या पिकवर केलेलं हे सगळ्यात चांगलं काम. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी त्याला सबोनिससाठी इंडियानाला पाठवला ही वेगळी चर्चा आहे, पण त्या ट्रेडनंतर पुढच्याच सीझनला ४८ मॅच जिंकून दुष्काळ संपला हेही खरं.

कॉलेजमधली थ्रीची टक्केवारी किती धरायची?

एका सीझनची असेल तर जपून. कॉलेजचा सीझन ३०-३५ मॅचचा, त्यात एखादा १२०-१५० थ्री टाकतो, एवढ्यात काहीही होऊ शकतं. वर कॉलेजची लाइन २२ फूट पावणेदोन इंच आणि एनबीएची वरच्या बाजूला २३ फूट ९ इंच. म्हणून फ्री थ्रो बघा. तिथे कोणी अंगावर नसतं, अंतर तेच, त्यामुळे हात खरा कसा आहे ते जास्त कळतं.

२०२१ चा किंग्जचा नववा पिक डेव्हियन मिचेल. बेलरच्या चॅम्पियन टीममध्ये त्या सीझनला थ्री ४४.७ टक्के, पण फ्री थ्रो ६४ टक्के. एनबीएच्या पहिल्या वर्षी थ्री ३१.६ वर आले. उलटं उदाहरण कवाय लेनर्ड, कॉलेजमध्ये थ्री ३० टक्क्यांच्या खाली, पण फ्री थ्रो पंचाहत्तरच्या आसपास आणि कामाची तयारी प्रचंड, सॅन अँटोनियोने शॉट बदलला आणि पुढचं आपण बघितलंच. तो २०११ चा पंधरावा पिक, म्हणजे जिमरच्या पाच नंबर नंतर.

फ्री थ्रो हा नियम नाहीये, एक खूण आहे. मॅक्लेमोरचे फ्री थ्रो ८७ टक्के होते.

वय इतकं महत्त्वाचं का मानतात?

कारण १९ वर्षांचा पोरगा २२ वर्षांच्या पोरांसमोर जे करतो त्याची किंमत वेगळी. बुकर ड्राफ्टच्या दिवशी १८ चा होता. आणि उलट डेव्हियन मिचेल ड्राफ्टच्या साधारण सव्वा महिन्याने २३ चा झाला, तेव्हा तो अजून किती वाढणार हा प्रश्न विचारायलाच हवा होता, तेही टीममध्ये डिआरन फॉक्स आणि हॅलिबर्टन असे दोन गार्ड आधीच असताना.

पण वयावरून सरसकट नाव कापू नका. लिलार्ड वेबर स्टेटसारख्या छोट्या कॉलेजमधून चार वर्षं काढून आला. जेलन विल्यम्सने सँटा क्लारामध्ये तीन वर्षं काढली. २०२२ ला किंग्जनी चौथ्यावर घेतलेला कीगन मरी २१ पूर्ण होता आणि पहिल्याच सीझनला २०६ थ्री टाकून रुकीचा (पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा) तेव्हाचा रेकॉर्ड केला. मी असं बघतो, वय जास्त असेल तर दर वर्षी काहीतरी नवीन आलंय का? विल्यम्स हळूहळू टीमचा मुख्य बॉल हँडलर झाला, ते त्या तीन वर्षांत दिसत होतं. आणि २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घ्यायला परवानगी मिळाल्यामुळे बरेच जण जास्त वर्षं थांबतात, त्यामुळे २१-२२ चे प्रॉस्पेक्ट आता वाढणारच, त्यांना कमी समजून चालणार नाही.

कॉम्बाइनमधलं माप किती बघायचं?

मे महिन्यात शिकागोला कॉम्बाइन होतं, तिथे बूट काढून उंची, विंगस्पॅन (दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतची लांबी), हात वर करून किती पोचतो, उडी, सगळं मोजतात. यातला विंगस्पॅन मला सगळ्यात कामाचा वाटतो. विल्यम्स सहा फूट पाच-सहा इंचाचा, पण हात सात फूट दोन इंचांच्या वर, कॉम्बाइननंतर त्याचं नाव झपाट्याने वर गेलं ते उगाच नाही. असे हात असले की तो एकापेक्षा जास्त पोझिशन डिफेंड करतो. गिल्जस-अलेक्झांडरचेही हात जवळपास सात फूट.

ताकद मात्र फार मनावर घेऊ नका. २००७ ला केव्हिन ड्युरँटला १८५ पाउंडचा, म्हणजे साधारण ८४ किलोचा बेंच प्रेस एकदाही जमला नव्हता.

टीमची गरज बघायची की सगळ्यात चांगला खेळाडू घ्यायचा?

चांगला खेळाडू. मिड-लॉटरीत असलेली टीम मुळात इतकी पूर्ण नसते की एक जागा भरली आणि झालं. रुकी कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं असतं, पहिली दोन पक्की आणि पुढची दोन टीमच्या हातात, तेवढ्यात अर्धी टीम बदलते, कोच बदलतो, आज जी गरज वाटते ती उरतच नाही.

२०१२ ला किंग्जकडे पाचवा पिक होता, त्यांनी पॉवर फॉरवर्ड थॉमस रॉबिन्सन घेतला, लगेच पुढचा पिक लिलार्ड. रॉबिन्सनला पहिल्याच सीझनमध्ये, फेब्रुवारीत, ह्यूस्टनला पाठवून दिलं.

प्रत्यक्षात बऱ्याच टीम खेळाडूंचे गट करतात, म्हणजे हे तिघं एका पातळीचे, हे पुढचे पाच त्याखालचे. एकाच गटातले दोघं शिल्लक असतील तर गरज बघून निवडा, काही हरकत नाही. पण गरज आहे म्हणून खालच्या गटातला वर उचलायचा नाही.

यूट्यूबवर हायलाइट बघून कळतं का? आपण भारतात बसून अभ्यास कसा करायचा?

हायलाइटमध्ये फक्त त्याला जमलेलं दिसतं. पूर्ण मॅच बघा, आणि शक्यतो तगड्या टीमविरुद्धची, जिथे त्याची मॅच खराब गेलीय अशी. एका खेळाडूच्या अशा दोन-तीन मॅच हायलाइटच्या पन्नास क्लिपपेक्षा जास्त सांगतात. एक क्वार्टरभर बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघा, कॉलेजमध्ये क्वार्टर नसतात, २० मिनिटांचे दोन हाफ असतात, तर दहा मिनिटं धरा. डिफेन्सवर तोंडाने बोलतो का? शॉट चुकल्यावर मागे पळतो का? दुसऱ्याचा माणूस सुटला तर मदतीला वेळेवर जातो का, आणि परत आपल्या माणसाकडे येतो का?

आणि टीममध्ये त्याला काय काम दिलंय ते समजून घ्या, हे फार लोक सोडून देतात. २०१५ ची केंटकी आठवा, ३८-१ रेकॉर्ड, इतके खेळाडू होते की मिनिटं वाटून द्यावी लागायची. बुकर तिथे बेंचवरून येऊन मॅचला १० पॉइंट करायचा. किंग्जनी सहाव्या पिकवर त्याच टीममधला विली कॉली-स्टाइन घेतला, ज्युनियर (कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाचा), डिफेन्स करणारा सेंटर. म्हणजे बुकर त्यांच्या स्काउटच्या डोळ्यासमोर सगळ्या मॅचमध्ये होताच. पण दहा पॉइंटवाला बेंचचा पोरगा म्हणून बघितलं तर त्याचा स्टेप घेऊन टाकलेला सहज शॉट, ८२-८३ टक्के फ्री थ्रो आणि १८ वर्षं वय यांची बेरीज होत नाही. गिल्जस-अलेक्झांडरही २०१७-१८ ला केंटकीत बेंचवरूनच सुरुवात करून आला, आणि सीझनच्या शेवटी टीम त्याच्या हातात होती. तेव्हा पहिल्या दहा मॅच आणि शेवटच्या दहा मॅच वेगवेगळ्या बघा, हा माझा सगळ्यात आवडता मार्ग आहे, ॲव्हरेजमध्ये ही वाढ दिसतच नाही.

दुखापत असलेला खेळाडू घ्यावा का?

पाठ आणि गुडघा असेल तर डॉक्टरांचं ऐका, आपल्याला बाहेरून रिपोर्ट दिसत नाहीत. मायकल पोर्टर ज्युनियर पाठीच्या ऑपरेशनमुळे २०१८ ला १४ वर घसरला, डेन्व्हरने घेतला, पहिलं वर्ष पूर्ण बाहेर बसवला आणि २०२३ ला चॅम्पियन झाले. डेन्व्हरची टीम तेव्हा आधीच चांगली होती, त्यांना थांबणं परवडलं. दुसरीकडे किंग्जनी २०१७ ला घेतलेल्या हॅरी जाइल्सचे गुडघे कॉलेजच्या आधीपासून त्रास देत होते आणि तो शेवटपर्यंत स्थिर झाला नाही.

ट्रेड करून खाली जावं का?

खाली गेल्यावर कोण मिळणार हे नक्की माहीत असेल तर जा. २०१६ ला किंग्जनी आठवा पिक फिनिक्सला देऊन तेरावा, अठ्ठाविसावा आणि बोग्दान बोग्दानोविचचे हक्क घेतले. बोग्दानोविच उत्तम निघाला, पण तेराव्यावर घेतलेला जॉर्जिओस पापायानिस दोन वर्षांच्या आत बाहेर. पुढच्या वर्षी दहावा पिक पोर्टलंडला देऊन पंधरावा आणि विसावा घेतला, जस्टिन जॅक्सन आणि जाइल्स. मधे तेराव्यावर डोनोव्हन मिचेल आणि चौदाव्यावर बॅम ॲडेबायो गेले. दोन मध्यम पिकपेक्षा एक चांगला पिक मला नेहमी बरा वाटतो, कारण कोर्टवर पाचच जण असतात.

आणि जुनी चूक निस्तरायला भविष्यातले पिक कधीही देऊ नका. २०१५ ला स्टॉस्कससह तिघांना फिलाडेल्फियाला पाठवून पगाराची जागा मोकळी केली, त्याबदल्यात दिलेल्या पिक अदलाबदलीच्या हक्कांमुळे २०१७ ला किंग्जचा तिसरा पिक पाचवा झाला आणि २०१९ चा पहिल्या राउंडचा पिक तर गेलाच. पाचव्यावर फॉक्स मिळाला हे नशीब.

पहिल्या वर्षी खेळला नाही, बस्ट (फसलेला पिक) म्हणायचं का?

नाही. पॉल जॉर्जने पहिल्या वर्षी मॅचला ७.८ पॉइंट केले, यानिस अँटेटोकुंपोने ६.८. लाउरी मार्कानेन २०१७ चा सातवा पिक, शिकागो, मग क्लीव्हलँड, आणि तिसऱ्या टीममध्ये, युटाला, ऑल-स्टार. मी तिसऱ्या सीझनच्या मध्यापर्यंत थांबतो. त्याआधी एकच बघायचं, चुका त्याच त्याच होतायत की नवीन.

मॉक ड्राफ्टवर (ड्राफ्टआधी छापून येणाऱ्या अंदाजांवर) विश्वास ठेवायचा का?

कोण कुठे जाईल यासाठी ठीक, कोण चांगला आहे यासाठी नाही. थॉमस रॉबिन्सन बहुतेक सगळ्यांच्या यादीत वरच होता.

लॉटरीत नशीब उघडलं तर सोपं होतं का?

२०१८ ला किंग्ज सातव्या जागेवरून उडी मारून दुसऱ्यावर आले आणि मार्विन बॅगली घेतला. तिसरा पिक लुका डॉनचिच. लुका तेव्हा १९ चा, आणि रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकून एमव्हीपी झालेला, मोठ्या पुरुषांच्या लीगमध्ये. कॉलेजच्या कोणत्याही आकड्यापेक्षा हे वजनदार होतं. परदेशी लीगमधला पोरगा बघताना त्याची मिनिटं आणि लीगची पातळी आधी बघा, पॉइंट नंतर.

भारतीय खेळाडू कधी लॉटरीत येईल का?

आत्तापर्यंत भारतात जन्मलेला ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू सतनाम सिंग, २०१५ ला डॅलसने ५२ व्या नंबरवर घेतला, एनबीएची मॅच मात्र खेळायला मिळाली नाही. उंची आपल्याकडे सापडते, पण या लेखात ज्या निर्णयाबद्दल बोलतोय तो लहानपणापासून चांगल्या स्पर्धेत शेकडो मॅच खेळूनच येतो. पुण्या-मुंबईत, नागपूरला शाळेच्या पोरांना वर्षभर चालणारी लीग मिळाली तर मला खूप आनंद होईल, आत्ता बहुतेकांचं वर्ष चार-पाच स्पर्धांत संपतं.

ड्राफ्ट आपल्याकडे किती वाजता दिसतो, आणि मधला पिक कधी येतो?

जूनच्या शेवटी, न्यूयॉर्कला रात्री आठ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. पहिल्या राउंडमध्ये प्रत्येक टीमला ५ मिनिटं मिळतात, त्यामुळे सातवा ते बारावा पिक साधारण सव्वासहा ते सातच्या दरम्यान येतो. खेळाडूच्या डोक्यावरच्या टोपीवरून टीम ठरवू नका, ट्रेड मंजूर व्हायला वेळ लागतो. गिल्जस-अलेक्झांडरला शार्लटने पुकारलं होतं आणि तो गेला क्लिपर्सकडे, सबोनिसला ऑरलँडोने पुकारलं आणि त्याच रात्री तो ओक्लाहोमाचा झाला.